घोरपडीचा पत्ता मीच दिला

मंडळी, गेल्या आठवड्यात याच ग्रुपवर मी आमच्या परसातल्या घोरपडीचा फोटो टाकला होता. खाली हौसेनं लिहिलं होतं, "जांबोटी, आमच्या विहिरीजवळचं वारूळ."

आज सकाळी मी कुजक्या ओंडक्यावरच्या अळंब्यांचे फोटो काढत होते. तेवढ्यात विहिरीकडून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. धावत गेले, तर दोन अनोळखी माणसं ते वारूळ खणत होती.

एकानं घोरपडीला शेपटीला धरून बाहेर ओढलं आणि दुसऱ्यानं तिच्या पाठीवर पहार घातली. ती मेली नाही. मागचं अंग लुळं पडलं, तरी पुढच्या पायांनी सरपटत राहिली. दुसरा घाव डोक्यात बसला.

मी पहार धरायला गेले. त्यानं मला ढकललं आणि माझं कोपर दगडावर फुटलं.

"फॉरेस्टवाल्यांना बोलावते," मी म्हणाले.

"बोलवा की आक्का," तो शांतपणे म्हणाला. "जागा तुमीच दावलीसा न्हवं? फोटो आलता आमच्या मोबाईलवर."

तिला पोत्यात कोंबून ते मोटारसायकलवरून गेले.

दुपारी मी फॉरेस्ट ऑफिसात तक्रार दिली. त्यांना जागा कशी कळली, असं तिथल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा मी मोबाईल उघडून माझाच फोटो त्यांच्यापुढे धरला.

परसातले सगळे फोटो मी आता काढून टाकलेत. तुमच्यापैकी कुणी तो फोटो पुढे पाठवला असेल, तर मी रागावणार नाही. फक्त एवढं सांगा, कुणाला पाठवला होता?