मी न मागितलेलं नवं रिव्हॉल्व्हर

चँडलर शहरातल्या आमच्या घरी तो खोका आला तेव्हा मी खुशीत होते. माझं जुनं रिव्हॉल्व्हर दुरुस्तीसाठी थेट कारखान्यात पाठवलं होतं. त्याचा सिलिंडर फिरून नळीसमोर नीट थांबत नव्हता, केसभर अलीकडेच राहायचा. खोक्यातून निघालं मात्र कोरं करकरीत नवं मॉडेल. सोबत चिठ्ठी होती: जुन्याचे पार्ट आता बनत नाहीत, सबब बदली म्हणून हे पाठवत आहोत.

"अगं, बरंच झालं की! फुकटात नवीन," नवरा म्हणाला.

"तू एक शब्द बोलू नकोस," मी म्हणाले.

मी चिप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होते, दिवसभर मायक्रॉन मोजायचे. ऑफिसातल्या एका बाईंबरोबर सहज नेमबाजीच्या रेंजवर गेले, त्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या प्रेमात पडले आणि ते विकतच घेतलं. माझ्या जन्माआधी बनलेलं, पोलादी, वजनदार. ट्रिगर ओढला की शेवटपर्यंत एकसारखा, लोण्यासारखा यायचा. कुणीतरी हाताने घासून, बसवून बघून, परत घासून ते केलं होतं. ते हातात कळायचं.

आणि हे नवं? बाजूला चावीचं भोक! दोन-तीन वर्षांपासून रिव्हॉल्व्हरच्या कंपनीने प्रत्येक मॉडेलला, चावी फिरवली की गोळी झाडताच येऊ नये असं, आतून कुलूप बसवायचा सपाटा लावला होता. ट्रिगर खरखरीत. आतले भाग साच्यातून काढून जसेच्या तसे कोंबलेले. माझ्या टेबलावर असला पार्ट आला असता तर मी रिजेक्टचा लाल टॅग लावला असता.

मी कारखान्याला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता.

"मॅडम, नवीन मॉडेल जास्त सुरक्षित आहे."

"मी मागितलं होतं का?"

"बहुतेक ग्राहक खूश होतात."

"माझं जुनं कुठे आहे?"

"ते स्क्रॅपच्या यादीत आहे."

मी ओरडले, इतकी की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. "ते माझं आहे! हात लावलात तर वकिलाचं पत्र येईल!"

फोनवरच्या माणसाने मला शांत करायला पुढच्या मॉडेल्सची यादीच सुरू केली. पुढच्या वर्षी याहून हलकं येतंय, याहून जबरदस्त काडतुसाचं. त्यानंतर प्लॅस्टिकच्या सांगाड्याचाही विचार आहे.

"हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जबरदस्त काडतूस घातलं की मनगटाचं काय होतं, तुम्ही स्वतः झाडून बघितलंय का?"

त्याने बघितलं नव्हतं. तो रायफल वापरायचा म्हणे.

तीन आठवडे रोज लंच ब्रेकमध्ये फोन केला तेव्हा कुठे माझं रिव्हॉल्व्हर परत आलं, न दुरुस्त करता. त्यांचं नवं मी त्याच खोक्यात घालून पाठवून दिलं. मग शेजारच्या मेसा शहरात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका निवृत्त कारागिराकडे गेले. त्याने उघडून भिंगातून पाहिलं. सिलिंडर फिरवणारा नखाएवढा आकडा झिजला होता.

"पार्ट मिळत नाही म्हणाले?" तो म्हणाला. "कानस तर मिळते ना?"

माझ्यासमोर त्याने पोलादाच्या तुकड्यातून नवा आकडा घासून काढला. अर्धा दिवस लागला. अर्धा दिवस! एवढ्याशा कामासाठी ते लोक माझी वस्तू भंगारात घालायला निघाले होते.

मी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं: चार इंची नळी, पोलाद, कुलूप नाही, हाताने बसवलेला ट्रिगर, एवढं एकच मॉडेल बनवा, मी आणि माझ्या रेंजवरचे सगळे रांग लावू. उत्तर म्हणून पुढच्या वर्षीचा गुळगुळीत कॅटलॉग आला. पानापानावर चावीचं भोक. एका गुलाबी मुठीच्या मॉडेलवर चिठ्ठी चिकटवलेली होती, "तुमच्यासाठी खास."

तो कॅटलॉग मी उभा फाडला. पत्राची दुसरी प्रत काढून थेट कंपनीच्या अध्यक्षांना पाठवली. त्यांच्याकडून काहीच आलं नाही.