आबांच्या घरचं धुराडं

आबा आमच्या घरी पहिल्यांदा आले त्या रविवारी बाहेरच्या सोप्यात ठेवलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "बसायचं मागनं बघू, आधी चूल दाखवा," म्हणत ते थेट स्वयंपाकघरात शिरले. सासूबाई पदर सावरत गडबडीने उठल्या. परका पुरुष चुलीपाशी आलेला आमच्या घराने कधी पाहिला नव्हता. आबांनी मान वर करून काळंकुट्ट आढं आणि त्यावरून लोंबणारी जळमटं पाहिली, मग वाकून चुलीच्या तोंडात हात घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत मुलींना स्वच्छता शिकवणारी मी, आणि माझ्या घरचं आढं हा माणूस निरखत होता.

सत्तरच्या दशकातले ते दिवस. रॉकेल मिळेनासं झालं होतं. आमच्या मंगळवार पेठेतही स्टो कोपऱ्यात गेले आणि चुली पुन्हा पेटल्या. आबा मागच्या गल्लीत राहत. कागलकडच्या शेतकरी घरातले; नोकरी जकात नाक्यावर. आठवडाभर ट्रक अडवायचे आणि रविवारी घमेलं, थापी घेऊन कुणाची तरी चूल सुधारायला जायचे. त्यांना बोलावणं लागत नसे. कुठल्या घरात धूर कोंडतोय हे गल्लीतून जाता जाता त्यांना कळे.

आमच्या चुलीचं ऐसपैस तोंड त्यांनी विटा लावून लहान केलं. खाली हवेसाठी लोखंडी जाळी बसवली. चुलीतली आच मागच्या वैलावरून, म्हणजे दुसरं भांडं ठेवायच्या जागेवरून, फिरून मगच बाहेर जाईल अशी वाट काढली, आणि कौलातून धुराडं वर नेलं. "तुमी निम्मा जाळ गल्लीला देतासा, बाई," ते मला म्हणाले. "गल्ली काय तुमास्नी भाकरी घालणार हाय?" पुढच्या रविवारी त्यांनी खोक्यात भाताची पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, ठासून एक पेटी केली. तांदळाला एक उकळी आली की पातेलं झाकण लावून त्या पिंजरीत ठेवायचं, वर पोत्याची उशी दाबायची. भात आपोआप शिजायचा. सासूबाईंना हे भुताटकीसारखं वाटलं, पण लाकडं निम्म्याने कमी लागू लागली आणि त्यांचा सकाळचा खोकला थांबला. त्या आबांना देवमाणूस म्हणू लागल्या. तसं म्हटलं की आबांचा चेहरा पडायचा. थापी धुवायचं निमित्त करून ते बाहेर जायचे. चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

त्यांच्या पत्नीला, अक्कांना, मी फक्त दारात बसलेलं पाहिलं होतं. एकदा त्या तापाने आजारी असल्याचं कळलं म्हणून सासूबाईंनी माझ्याबरोबर पेज पाठवली. आबांच्या घराचं दार उघडलं आणि धुराचा लोट माझ्या तोंडावर आला. क्षणभर मला वाटलं, घर चुकलं. आत जुनी, फुटक्या तोंडाची चूल धुमसत होती. वर कौलं गच्च बसवलेली, भिंतीला झरोका नाही. त्या धुरात अक्का तापल्या अंगाने चाचपडत भाकरी उलटत होत्या. बोटांनी आधी तव्याची कड शोधायच्या, मग भाकरी. दोन्ही बुबुळांवर पांढरं फूल पडलेलं होतं. आबा भिंतीला टेकून बसले होते. मला पाहताच ते उठले, खाली मान घालून वहाणा चढवल्या आणि बाहेर निघून गेले.

"गेलं न्हवं?" अक्का म्हणाल्या. "कुणी आत आलं की असंच जात्यात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या नव्या नवरी होत्या तेव्हाची गोष्ट. आबांचे दोस्त जेवायला आले होते. स्वयंपाकघरात धूर इतका कोंडला की अक्का दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, एखादं कौल काढून धुराडं करा, डोळे जळतात. आबा सगळ्यांदेखत हसले. धुराला भिऊन रडणारी बायको मिळाली, आता भाकऱ्या काय आपण थापायच्या, असं ते म्हणाले. दोस्तही हसले. अक्कांनी पुन्हा कधी मागितलं नाही. डोळे चोळत चोळत वर्षं गेली. दिसेनासं झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. त्याच दिवशी आबा विटा आणि पत्र्याचा पाइप घेऊन आले, तर अक्का स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मी म्हटलं, आता धूर गेल्यावर मला काय दिसणार हाय? जावा, दुसऱ्यांच्या बायका वाचवा." अक्कांनी तव्यावरची भाकरी चाचपली. "तवापासनं जात्यात."

त्या दिवशी आमच्या स्वच्छ स्वयंपाकघरात बसून मला जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी आबा आमच्या दाराबाहेरच उभे राहिले. मी आत या म्हटलं. ते जागचे हलले नाहीत.

"बघितलंसा न्हवं सगळं?" ते म्हणाले. "आता तुमच्या घरात पाय टाकायची लाज वाटती, बाई."

आणि ते तसेच मागे वळले. त्यानंतर वर्षभर गल्लीत समोरून आले तरी ते बाजू बदलायचे.

मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. अक्कांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर आबांना सांगितलं की आता धुराडं बसवा, माझ्यासाठी नको, येणाऱ्या पोरीसाठी.  रविवारी भल्या सकाळी आबा शिडी लावून कौलांवर चढले. काम चालू असतानाच हातकणंगल्याचे व्याही सुपारी फोडायला आले. सोपा माणसांनी भरला. मी आत अक्कांजवळ चहाचं बघत होते. होणारा सासरा कौलं काढतोय हे पाहून व्याही खूश झाले आणि मोठ्याने म्हणाले, "पोरगीनं नशीब काढलं. अशी हौस असणारा सासरा कुठं मिळतोय?"

आबा शिडी उतरून खाली आले. हात मातीने भरलेले होते.

"हौस न्हवं, पावणं," ते म्हणाले. "हिनं मागितलं तवा मी चार माणसांत हसलो. माझ्यामुळं हिचं डोळं गेलं. पोरगी देताना हे म्हाईत असूद्या."

 मुलगा जमिनीकडे बघत राहिला. आतून मी अक्कांकडे पाहिलं. त्या चुलीपुढे बसून होत्या, हात मांडीवर. मग त्या दाराच्या दिशेने म्हणाल्या, "च्या निवतोय. पावण्यास्नी द्या."

लग्न झालं. सून चांगली निघाली. अक्कांनी आबांना माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. आज दोघंही नाहीत.

सुपारी फुटली त्याच्या पुढच्या रविवारी आबा आमच्या गल्लीत कुणाकडेच दिसले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी डोकावले होते. नवी चूल नीट जळत होती. तिच्यापुढे पाटावर आबा बसले होते, कोपरापर्यंत पिठाने माखलेले. समोर काठवटीत चिरफाळलेली भाकरी. अक्का शेजारी बसून भाकरीच्या कडेवरून बोट फिरवत होत्या आणि कुठं जाड झालीय ते सांगत होत्या. मला पाहून आबा एकदम ओशाळले आणि हात झटकून उठू लागले.

अक्कांनी त्यांचं मनगट धरून खाली बसवलं.

"लाजू नगासा," त्या म्हणाल्या. "थापा."