आईची खोली

अमरावतीहून पुण्याला निघाले तेव्हा बाबांनी वळकटी बसच्या टपावर चढवली आणि आईनं खिडकीतून तुरीच्या डाळीचा डबा दिला. बाबा म्हणाले, "खोलीत उजेड पायजे. बाकी सारं होते." सामानाची यादी मीच केली होती. ती तपासण्यात गाडी सुटली आणि रडायचं राहून गेलं.

अमरावतीच्या मंडळींनो, माझ्यामागून तुमच्यापैकी कितीतरी जण हिंजवडीला नोकरीला आलात. कंपनीच्या बसमध्ये अर्धी झोप काढलीत, घराचा हप्ता सुरू केलात. तुम्हाला सांगायला नको. जे तिकडेच राहिलात, त्यांना मात्र सांगायला हवं, आणि सांगताना लाज वाटते.

आधी वारज्याला वन बीएचके घेतलं. मुलगी झाली, टू बीएचके घेतलं. मग थ्री बीएचके, कारण बाबा गेल्यावर आई एकटी पडली आणि तिच्यासाठी वेगळी खोली हवी होती. निदान आम्ही सगळ्यांना सांगितलं तरी तसंच.

प्रत्येक घरभरणीला आई आली. भरभराट व्हावी म्हणून नव्या घरात दूध उतू जाऊ देतात. थ्री बीएचकेत दूध काठाला आलं आणि आईनं गॅस बंद केला.

"भरलं ना काठोकाठ! आता सांडवता कायले?"

माझी नणंद शनिवार पेठेतली. ती म्हणाली, "काकू, आज मुहूर्त दुधाचा आहे, गॅस बचतीचा नाही."

सगळे हसले. मीही हसले, गॅस पुन्हा लावला आणि दूध सांडवलं. ओटा आईनं पुसला.

मागच्या वर्षी आम्ही रो-हाउस बुक केलं. आईला सोयीची तारीख विचारायला मी मीटिंगमधून बाहेर येऊन अमरावतीला फोन केला.

"मी नाही येत, बाई."

"अगं, तुझ्यासाठी खाली मोठी खोली आहे. जिना नाही."

"माही खोली आताच्या घरातबी हाय. तिथं तुहं धावायचं यंत्र झोपते." मग ती म्हणाली, "मी आता घर पाहाले येत नाही. तुले पाहाले येईन. तू घरी सापडशील तवा सांग."

ती यायची तेव्हा मी सकाळी तिचं जेवण झाकून निघायचे आणि परत येईपर्यंत ती झोपलेली असायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

रो-हाउस रद्द केलं. नवरा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, "थ्री बीएचकेत राहतात म्हणतील." यंत्र विकलं. खोलीत पलंग लावला, आईला पंख्याचं बटण हाताशी येईल असा. हप्त्यासाठी घेतलेलं टीम लीडचं काम सोडलं. माझ्या जागी आलेल्या मुलीनं "मॅम, तब्येत ठीक ना?" असं काळजीनं विचारलं.

परवा आई आली. दुपारी मी तिच्या दाराशी गेले तर ती जागीच होती.

"आज हापिस नाही?"

"नाही."

ती भिंतीकडे सरकली आणि पलंगाच्या कडेला हातभर जागा मोकळी झाली. अमरावतीचं घर कधीच सुटलं, पुण्यात तीन घरं झाली. घरी आले असं मला वाटलं ते त्या हातभर जागेत बसल्यावर.