ब्रेकबाईंना हवी होती जोडबस

सगळी गल्ली त्यांना ब्रेकबाई म्हणायची, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत त्या वीसेक वर्षं मास्तरीण होत्या. अशा शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. ॲक्सिलरेटर मात्र नसतो. म्हणजे शिकवणाऱ्याला गाडी थांबवता येते, पळवता येत नाही. बाई रोज सकाळी वेणीफणी करून कामावर जायच्या आणि दिवसभर इतरांच्या गाड्या थांबवून संध्याकाळी चालत घरी यायच्या. स्वतःची गाडी त्यांच्याकडे नव्हतीच.

आता वीस वर्षं एकच काम करणारा पाय घरी आल्यावर तरी स्वस्थ बसेल का? नवऱ्याने कपात चहा जरा जास्त ओतला की टेबलाखाली बाईंचा उजवा पाय गच्च दाबला जाई. सिनेमात नायक-नायिका फारच जवळ आले की पुढच्या खुर्चीतल्या माणसाला लाथ बसे, आणि मग काळोखात कुजबुजत माफी मागावी लागे. शेजारपाजारी याच्या गोष्टी रंगवून सांगत आणि बाईही त्यांच्याबरोबर हसत.

पायाचं एक वेळ सोडा, जीभसुद्धा त्याच वळणावर गेली होती. बाईंचं प्रत्येक वाक्य नकोने संपायचं. सूप खारट नको, खिडकीतून वारा नको, उशीर व्हायला नको, कुणाला काही वाटायला नको. त्यात नवरा विमा कंपनीत, तोही नुकसानभरपाईच्या टेबलावर. फुटलेली डोकी आणि जळलेली गोदामं वाचून वाचून त्याला जिन्याच्या पायरीतही अपघातच दिसायचा. दोघांचं एकमेकांशी छान जमायचं, कारण काय काय नको यावर त्यांचं कधीच दुमत झालं नाही.

घरात वेगळ्या होत्या त्या फक्त सासूबाई. ऐंशीला टेकल्या होत्या, पण बाजारात जाताना अजून शीळ घालायच्या. बाईंना पन्नासावं लागलं त्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेला विचारलं, की वाढदिवसाला तुला काय आणू? बाई म्हणाल्या, उगाच खर्च नको, पाहुणे नकोत, आणि केक आणलाच तर फार गोड नको.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "नको ते सगळं कळलं. आता हवं काय ते सांग."

बाईंनी तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, ऑम्लेटकडे पाहिलं. उत्तर कुठेच नव्हतं. कपाटातली एखादी वस्तू नेहमीच्या जागी चाचपावी आणि तिथे नुसती फळी लागावी, तसं त्यांचं झालं. "बघू," असं काहीतरी पुटपुटत त्या कामावर निघून गेल्या, आणि रस्ताभर त्यांना विनाकारण राग येत राहिला.

दुपारी एका घाबरट दंतवैद्याला त्या चौक पार करायला शिकवत होत्या. त्याने ऐन चौकात गाडी बंद पाडली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, दंतवैद्य घामाघूम झाला, आणि तेवढ्यात समोरून जोडबस आली. जोडबस म्हणजे दोन डब्यांची लांबलचक बस, मधे रबराचा भाता असलेली. बाईंनी ती हजार वेळा पाहिली असेल. पण त्या दिवशी ती वळली, भाता एका अंगाने मिटला, दुसऱ्या अंगाने फुलला, आणि अख्खं धूड अलगद, लाडात आल्यासारखं त्या अरुंद कोपऱ्यातून निघून गेलं. 

"ती," त्या मोठ्याने म्हणाल्या.

दंतवैद्याने घाबरून विचारलं, कोण ती? बाईंनी सांगितलं की काही नाही, गाडी सुरू करा. पण काही नाही कसं, सगळंच होतं. त्यांना ती बस हवी होती. विकत नव्हे हो, चालवायला. पन्नासाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, बाई चक्क एका बसच्या प्रेमात पडल्या.

पुढच्या दिवसांत त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. जोडबसचा आवाज आला की काम टाकून खिडकीशी जायच्या. कांदा चिरता चिरता गुणगुणायच्या. नवऱ्याला वाटलं, हिला ताप आहे; त्याने कपाळाला हात लावून पाहिला. सासूबाईंना मात्र बरोबर वास लागला. खोदून खोदून विचारल्यावर बाईंनी लाजत लाजत सगळं सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, एवढंच ना, डेपोला चालक हवेत असा फलक मी परवाच वाचला, शिकवतात पण तेच.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने आधी हसून पाहिलं. मग बायको हसत नाही हे लक्षात आल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी मोठी बस, एवढी माणसं, मागचा डबा पुढच्याच्या ताब्यात राहील याची हमी कोण देणार, असं तो कितीतरी वेळ बोलत होता. शेवटी म्हणाला, "तू कर काय करायचं ते. पण मी त्या बसमध्ये पाऊल ठेवणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

बाईंना हे फार लागलं. कारण तोवर त्यांच्या मनात चित्र तयार झालं होतं, आणि त्या चित्रात पुढच्या सीटवर हाच माणूस बसलेला होता. आता त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या, बस आणि बसमध्ये हा. पहिली शिकून मिळण्यासारखी होती. दुसरीचं काय करायचं ते त्यांना कळेना.

डेपोत पहिल्या दिवशी गेल्या, तर शिकवायला कोण? गचक्या. त्यांचाच जुना विद्यार्थी. क्लच असा काही सोडायचा की बाईंच्या मानेला पट्टा लागला होता. तोच आता पोट सुटलेला, मिशीवाला, खाकी कपड्यांतला मास्तर झाला होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि मग जोडबसची किल्ली बाईंच्या हातात दिली. बाईंना कोण आनंद झाला.

तो आनंद पहिल्या वळणापर्यंत टिकला. डेपोचं पटांगण मोकळं होतं. एवढ्या मोकळ्या जागेत एका कडेला एकच निळं पिंप उभं होतं. बाईंनी बस सुरू केली, सुंदर वळवली, आणि थेट पिंपावर घातली. पिंप ढोल वाजल्यासारखं गडगडत गेलं. ते परत उभं केलं. बाई लांबून फिरून आल्या आणि पुन्हा त्यालाच धडकल्या. मधल्या वेळात कबुतर दिसलं म्हणून ब्रेक, सावली हलली म्हणून ब्रेक, गचक्या खोकला म्हणून ब्रेक. त्याचं डोकं इतक्या वेळा पुढच्या काचेला टेकलं की जुनं सगळं उसनं फिटलं.

"बाई," तो कपाळ चोळत म्हणाला, "कुठे जायचंय तुम्हाला?"

"त्या पिंपाला लागायला नको."

"मी ते नाही विचारलं. जायचंय कुठे?"

 गंमत बघा, हेच त्या वीस वर्षं घसा फोडून सांगत आल्या होत्या, की नजर जाईल तिकडे गाडी जाते. खांबाकडे बघाल तर खांबावर जाल, रस्त्याकडे बघा. शेकडो लोकांना शिकवलं आणि स्वतः मात्र जन्मभर पिंपांकडे बघत आल्या. त्यांना हसू फुटलं. आधी जरासं, मग खो खो, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काय झालं ते न कळताच गचक्याही हसायला लागला, आणि भाताही बहुधा हलला असावा. बाईंनी डोळे पुसले. "त्या फाटकातून बाहेर जायचंय," त्या म्हणाल्या आणि फाटकाकडे बघत निघाल्या. पिंप जागच्या जागी राहिलं.

समजलं म्हणजे जमलं असं नाही. त्या फाटकानंतरही पाय मधेच बंड करायचा. म्हणून बाईंनी घरी सराव सुरू केला. वाक्यात नको आलं की थांबायचं आणि तेच हवं लावून म्हणायचं. सुरुवात खिडकीपासून झाली. खिडकी उघडी हवी. मग सूप चटपटीत हवं. मग एका रात्री ताटलीत केकचा शेवटचा तुकडा उरला आणि नेहमीप्रमाणे सगळे एकमेकांना घ्या घ्या म्हणत बसले, तेव्हा बाई म्हणाल्या, तो मला हवाय, आणि खाऊन मोकळ्या झाल्या.  जगबुडी काही झाली नाही.

सासूबाईंना हा खेळ इतका आवडला की त्यांनी लगेच लाल बूट मागितले आणि आणवून घेतले. नवऱ्याची पाळी आली, तर तो म्हणाला, मला डोकेदुखी नको. बाई म्हणाल्या, चालणार नाही, हवं सांगा. बरं, मग साहेबांची कटकट नको. सासूबाईंनी त्याला परत खाली बसवलं. बिचाऱ्याने खरंच प्रयत्न केला, कान लाल होईपर्यंत केला, आणि मग विचार करून सांगतो म्हणून पेपरामागे गेला. बाईंना त्याची फार दया आली. कपाटातली ती रिकामी फळी त्यांच्या ओळखीची होती.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक म्हणून आलेल्या बाई चेहऱ्यावरची माशी न हलू देणाऱ्या होत्या. त्या पुढच्या सीटवर बसल्या, गचक्या जीव मुठीत धरून पार मागच्या डब्यात. डेपोतून निघून बाजार, मग विमा कंपनीचा कोपरा, मग पूल आणि परत. विमा कंपनीचा कोपरा सगळ्यात अवघड. तिथे रस्ता आखडतो आणि भाता पुरता मिटतो.

बाई बाजारातून झोकात निघाल्या. आणि कोपऱ्याच्या अलीकडे त्यांना डोळ्याच्या कडेने दिसलं, बसस्टॉपवर नवरा उभा आहे. कामाच्या वेळात, हातात प्रथमोपचाराची पेटी घेऊन. शेजारी लाल बूट घातलेल्या सासूबाई दोन्ही हात हलवतायत.  बघावंसं इतकं वाटलं की मानेची शीर ओढली गेली. आला, चक्क आला. पण नजर गेली असती तर बसही तिकडेच गेली असती. बाईंनी पुढच्या पुलाच्या कमानीवर नजर रोवली. बस वळली, भाता मिटला, फुलला, आणि पेटी घेतलेला माणूस मागे राहिला. मागच्या काचेतून गचक्याला दिसलं ते त्याने नंतर सांगितलं: नवऱ्याचा वर गेलेला हात तसाच हवेत राहिला होता.

डेपोचं फाटक दिसायला लागलं. परीक्षक बाईंनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "पास आहात. घ्या आत."

गाडी आत घ्यायची, हसायचं, आभार मानायचे, एवढंच बाकी होतं. बाईंना आकाश ठेंगणं झालं होतं. पण स्टॉपवर पेटी घेऊन उभा असलेला नवरा डोळ्यांपुढून जाईना. त्यांनी फाटकाबाहेरच गाडी थांबवली. आयुष्यात कधी कुणा परक्या माणसाकडे त्यांनी काही मागितलं नव्हतं. 

"मला अजून एक फेरी हवी आहे," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यावरच्या स्टॉपवर माझी माणसं उभी आहेत. मला त्यांना घ्यायचंय."

परीक्षक बाईंनी पुढची सीट सोडून मागची घेतली. मग कागद पिशवीत घातला. "परीक्षा संपली," त्या म्हणाल्या. "चला."

स्टॉपवर सासूबाई लेकाची समजूत काढत होत्या. तो म्हणत होता, माझ्याकडे साधं बघितलंसुद्धा नाही तिने. तेवढ्यात जोडबस त्याच्यासमोर येऊन थांबली, इतकी हलकी की धूळही उडाली नाही. दार फुस्स करून उघडलं. आत त्याची बायको बसली होती, आणि आता ती फक्त त्याच्याकडेच बघत होती.

"मघाशी बघितलं असतं तर तुमच्या अंगावर आले असते," बाई म्हणाल्या. "या ना. तुम्ही इथे पुढे बसलेले हवे आहात मला."

सासूबाई केव्हाच चढल्या होत्या आणि भात्याच्या मधोमध, जिथे जमीन फिरते तिथे, दांड्याला धरून उभ्या राहिल्या होत्या. नवरा पायरीकडे बघत राहिला. मग त्याने एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, पुढच्या सीटवर बसला, पेटी मांडीवर घेतली. दार मिटलं. बाईंनी आरशात पाहिलं, बस काढली, जपून, फारच जपून. कोपरा आला. मागे सासूबाई भात्याबरोबर गर्रकन फिरल्या आणि शीळ घातली. पूल आला, पुढे लांबवर मोकळा रस्ता दिसायला लागला, आणि नवऱ्याने घसा खाकरला.

"अगं," तो म्हणाला, "जरा जोरात घे की."