रांजणाची जागा

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. देवळातला पेढासुद्धा मी वास घेतल्याशिवाय तोंडात टाकत नाही, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो आणि लोक हसतात. हसू द्या. सिंदेवाहीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या अंध मुलांच्या निवासी शाळेत मी अधीक्षिका आहे. मुलांचं खाणं-पिणं, झोपणं, आजारपण सगळं माझ्याकडे. अशा शाळेत काढलेल्या वर्षांनी भोळ्या माणसालाही संशयी केलं असतं, मी तर मुळातली तशी.

आमच्याकडे संशय दोन्ही बाजूंनी चालतो. बाहेरच्या कुठल्यातरी जिल्ह्यात कागदावरच मुलं दाखवून अनुदान उचलल्याची बातमी आली आणि तेव्हापासून आम्ही सगळेच चोर ठरलो. किराणावाला आधी "बाई, पोरांसाठी थोडा गूळ जास्तीचा टाकतो" म्हणायचा. अनुदान अडकलं तसा तो तराजूच्या काट्याकडे बघत बोलू लागला. आमचे पगार रखडले, ते कोणी विचारत नव्हतं. उलट गावात कुजबुज होती, की यांना पगाराची गरज काय, वरचं भागत असेल. मग मीही सगळ्यांकडे तसंच बघू लागले. अंडीवाला मुलं किती आहेत असं विचारायचा तेव्हा मला वाटायचं, याला कोणी पाठवलंय.

त्यातच नवे नियम आले. जुनी मान्यता धरायची नाही, प्रत्येक शाळेची नव्याने तपासणी आणि नव्याने नोंदणी. दोन खाटांमध्ये अमुक अंतर हवं, पाणी यंत्रातून शुद्ध केलेलं हवं, कपाटं भिंतीला हवीत. नियम वाईट होते असं मी म्हणणार नाही. पण ते पाळायला लागणारा पैसा ज्या अनुदानातून यायचा, ते अनुदान नियम पाळल्यावर सुटणार होतं. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, की चांगलंच लक्षात आलं होतं, याचा मी अजून विचार करते.

हजेरीसुद्धा नवी. मोबाइलसमोर मुलाचा चेहरा धरायचा आणि मोबाइलने ओळखायचं. माणूस जिवंत आहे, फोटो नाही, याची खात्री करायला मोबाइल सांगायचा, "डोळे मिचकवा." अंध शाळेत! पहिल्या दिवशी मी आणि स्वयंपाकाच्या मावशी हसून हसून खाली बसलो. दुसऱ्या दिवशी हसू आलं नाही. बरीचशी मुलं पापण्या हलवायची, त्यांचं कसंबसं जमायचं. एका मुलीचं मात्र कधीच जमलं नाही.

ही मुलगी धानोऱ्याच्या पुढची, जंगलातल्या चार घरांच्या टोल्यावरची. तान्हेपणीच्या दुखण्यात तिचे डोळे गेले आणि पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. आईने तिला आणून सोडलं तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. पहिला सगळा दिवस ती एकच शब्द बोलत होती, "एर, एर." एर म्हणजे गोंडीत पाणी. मी तिचा हात धरून तिला व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या रांजणापाशी नेलं, झाकण उचलायला लावलं, ओगराळं हातात दिलं. आमच्या घरातली तिला कळलेली पहिली जागा ती.

तिची आई जाताना म्हणाली होती, "मोहफुलं वेचाले जातो तवा हिले खांबाले बांधून ठेवतो, बाई. मी काय करू? नाला अंगणाले लागून हाये. वाघ येते." तिने मान खाली घातली नव्हती, सरळ माझ्याकडे बघून सांगितलं होतं. ती खोटं बोलत नव्हती आणि वाईटही नव्हती. तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

आणि तीच मुलगी आमच्याकडे पळायला शिकली. चालायला नाही, पळायला. दोन पावसाळे काढल्यावर तिला घराची चौकट न् चौकट पाठ झाली. झोपायच्या खोलीतून सुटायची ती व्हरांड्याच्या खांबाला वळसा घालून रांजणापाशी थांबायची, तेही बरोबर वीतभर अलीकडे. झाकण डाव्या हाताने, ओगराळं उजव्या हाताने, पाण्याचा थेंब सांडायचा नाही. मी ओरडायचे, "पडशील गं!" ती म्हणायची, "नाई पडत." आणि पडायचीही नाही. आमची शाळा बंद पडली तर बाकीची मुलं कुठे ना कुठे सामावली गेली असती. पण तिच्या टोल्यापासून एवढ्या लांब तिला पुन्हा कोण आणणार होतं? तिच्या वाट्याला पुन्हा तो खांब होता, हे मला दिवसाढवळ्या दिसत होतं.

मोबाइलच्या लेखी मात्र ती शाळेत कधी आलीच नव्हती. रोज तिच्या नावापुढे गैरहजर. मी फोन केले, अर्ज दिले. "वरून बदल होईल" एवढंच उत्तर मिळालं.

तपासणीची तारीख कळली तेव्हा आमच्या सचिवांनी नागपूरहून एक माणूस आणला. सचिव म्हणजे निवृत्त मास्तर, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. भाऊ प्रामाणिक, पण घाबरट. हा नागपूरवाला संस्थांना नव्या नियमांत बसवून देण्याचं काम करायचा. पायांत पांढरेशुभ्र बूट, हातात मोजपट्टी. मुलांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, खोल्यांकडे मात्र जमीन विकत घ्यायला आल्यासारखा बघत होता. मला लगेच वास आला. आमची मान्यता कोणा बड्या संस्थेच्या घशात घालायची असणार, याला त्यांनीच पाठवलं असणार. मी भाऊंना तसं स्पष्ट म्हटलं.

"बाई, तुमाले सगळेच चोर दिसते," भाऊ चिडले.

"चोर नसेल तर चहा पिताना आपल्या सातबाऱ्याची चौकशी काऊन करत होता?" मीही त्यांच्याच बोलीत सुनावलं.

भाऊ उगाच टेबलावरच्या फायली सारख्या करायला लागले. म्हणजे चौकशी त्यांच्याही कानावर गेली होती.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मुलं अंगणात प्रार्थनेला बसली होती, तेव्हा त्या माणसाने सगळं घर हलवलं. खाटा मोजून मोजून लांब केल्या. मधलं कपाट भिंतीला गेलं. पेट्या खाटांखालून निघून एका रांगेत लागल्या. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी शुद्ध करायचं भाड्याचं यंत्र बसलं आणि रांजण गडगडत न्हाणीघराच्या मागे गेला. मी त्या वेळी काय करत होते? त्या माणसाने कपाटातले कागद उचलू नयेत म्हणून किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून त्याच्या मागे मागे फिरत होते. त्याचे हात बघत होते. खाटा कुठे चालल्या आहेत, हे मी बघितलंच नाही.

त्या रात्री जेवण-पाणी अंगणातच झालं आणि मावशींनी एकेकाला हाताला धरून खाटेवर नेलं. सकाळी मुलं एकमेकांवर आदळायला लागली. मोठी मुलं भिंत धरून उभी राहिली. त्या पळणाऱ्या मुलीचा गुडघा कपाटाच्या कोपऱ्यावर फुटला.

"बाई, हे काय ठेवलं इथी? मले लागलं," ती म्हणाली. रडली नाही, तिला रागच आला होता.

मी भाऊंना म्हटलं, परत लावून घेऊ. भाऊ म्हणाले, "एक दिवसाचा तं सवाल आहे. मॅडम गेल्या का लावून टाकू वापस." तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

तपासणीला आलेल्या मॅडम चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. चहा नको म्हणाल्या. मला तेही खटकलं. चहा न पिणारा साहेब एक तर फार चांगला असतो, नाही तर त्याने आधीच ठरवून आणलेलं असतं. त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि मुलांना म्हणाल्या, "चला, आपापल्या खाटेवर जाऊन बसा."

तेव्हा कुठे मला कळलं, की आम्ही काय करून बसलो होतो.

एकही मुलगा धड आपल्या खाटेवर पोचला नाही. हात पुढे करून, पाय घासत, दुसऱ्याच्या खाटा चाचपत मुलं फिरत राहिली. बाजारात हरवलेल्या पोरांसारखी दिसत होती ती, आपल्याच घरात. दोघं तर रडायला लागले. मॅडम बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ही मुलं इथे कधीपासून राहतात?"

"लई वर्षांपासून, मॅडम," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडला होता, की मलाच तो खोटा वाटला.

मग मॅडमनी हातातल्या हजेरीत बघितलं आणि आमच्या मुलीपुढे येऊन थांबल्या. "ही मुलगी तर एकही दिवस हजर नाही. आज कुठून आली?"

मी डोळे मिचकवण्याचं सांगायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं. "प्रत्येक ठिकाणी मला काही ना काही कारण सांगतात, बाई. तपासणीच्या दिवशी मुलं आणलेली मी पाहिली आहेत. गावातून, नात्यातून, जीपगाडीत बसवून." त्या चिडल्या नव्हत्या. थकलेल्या वाटल्या. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते, तर मीही तेच म्हटलं असतं. आणि जरा जास्तच मोठ्याने म्हटलं असतं.

त्या मुलीपुढे वाकल्या. "मला तहान लागली आहे. पाणी आणून देशील?"

"हो," मुलगी म्हणाली आणि निघाली.

खाटेला अडखळली. मॅडमनी कागदावर काहीतरी टिपलं. पण एकदा दाराची चौकट हाताला लागल्यावर ती बदलली. व्हरांड्यात हलवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. तिने खांबाला वळसा घातला आणि नेहमीच्या चालीने पळाली. "अगं, यंत्र तिकडे, उजवीकडे," भाऊ मागून ओरडले. तिने ऐकलं नाही. कोपऱ्यात जाऊन ती थांबली, भिंतीपासून ठरल्या अंतरावर. कमरेत वाकली. डाव्या हाताने हवेतलं झाकण उचललं आणि बाजूला धरलं. उजवा हात आत घातला.

तिथे काहीच नव्हतं. तिचा हात खाली खाली गेला आणि फरशीला टेकला. ती तशीच वाकून राहिली, डाव्या हातात नसलेलं झाकण धरून.

मॅडम तिच्यापाशी गेल्या. मीही गेले. फरशीवर मुलीच्या हाताभोवती पांढुरकं गोल वळं होतं, वर्षानुवर्षं पाझरलेल्या पाण्याचं. मध्ये अजून ओल होती. मॅडमनी त्यावर बोट फिरवलं.

"इथे काय होतं?"

"काई नाई मॅडम," भाऊ घाईने म्हणाले. रांजणाचं पाणी नियमात बसत नाही, ही भीती. नागपूरवाला कधीच गाडीआड झाला होता.

"रांजण होता," मी म्हटलं. "काल संध्याकाळपर्यंत."

"मग हलवला कशाला?"

"तुमच्यासाठी."

माझ्या तोंडून ते रागानेच निघालं. मग मी थांबले नाही. खाटा, कपाट, पेट्या, सगळं सांगितलं. भाऊ मला डोळ्यांनी दटावत होते. मॅडमनी ओलं बोट रुमालाला पुसलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मला पाणी अजून मिळालं नाही. रांजण आणा."

भाऊंनी आणि मी तो न्हाणीघरामागून आणला, वळ्यावर बरोबर बसवला, मावशींनी भरला. मुलीने पाणी दिलं. मॅडम उभ्यानेच प्यायल्या. मग हजेरीच्या कागदावर त्यांनी खूप काही लिहिलं, पण काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. त्या गेल्यावर मी भाऊंना म्हटलं, एवढं गोड पाणी प्यायलेली बाई उद्या काय करेल, सांगता येत नाही.

मान्यता आली. एका वर्षाची आणि अटी घालून, पण आली. मुलीचं नाव मोबाइलऐवजी वहीतल्या हातहजेरीत धरावं, असंही त्यात होतं. म्हणजे मॅडमबद्दल माझा अंदाज चुकला होता. नागपूरवाल्याबद्दलचा चुकला की नाही, ते कळलं नाही, तो पुन्हा आलाच नाही. अनुदान अजून वाटेत आहे. किराणावाला अजून काट्याकडेच बघून बोलतो.

घर मात्र आम्ही तपासणीच्याच दिवशी होतं तसं लावलं. खाट न् खाट, पेटी न् पेटी, मी स्वतः उभी राहून. मुलं हळूहळू सरावली. ती मुलगीही शाळेतच आहे, खांबाला बांधलेली नाही, आणि मी त्यासाठी देवाचे आभार मानते.

पण ती आता पळत नाही. दारातून निघते ती एक हात पुढे धरून, पाय आधी टेकवून बघत. परवा दुपारी मी व्हरांड्यात तांदूळ निवडत बसले होते. ती आली आणि रांजणापासून दोन पावलांवर थांबली.

"बाई," तिने विचारलं, "रांजण इथीच हाये नं?"

"तिथेच आहे गं. मी आहे ना इथे बसलेली. जा."

तिने मान हलवली. मग हात पुढे केला आणि हवेत चाचपत चाचपत पुढे गेली.