संताजींची तिथी

पितृपक्ष लागला की इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या त्या घरात चतुर्दशीची तयारी सुरू व्हायची. ती तिथी शस्त्राने गेलेल्यांची. द्वारकाबाईंचे वडील संताजी फौजेत होते. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून मुलीचा मुलगा संजीव त्यांना पाणी द्यायचा. इतकी वर्षं झाली, कुणी काही विचारलं नाही.

यंदा सून भानुमतीनं उडीद निवडता निवडता विचारलं, "आई, आजोबा कैदेत गेले ना? मग ते शस्त्राने कसे गेले?"

द्वारकाबाईंची आता अठ्ठ्याऐंशी वर्षं सरलेली. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की वडील मलायात लढले, सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले, पुढे कैदेत मृत्यू झाल्याची तार आली. तारेत दिवस नव्हता, तेव्हा सैनिक माणूस म्हणून गुरुजींनी नंतर चतुर्दशी सांगून टाकली. लढाई संपल्यावर इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याचे कुणी हरीसिंह दारात आले होते, कैदेतले सोबती. पण आईनं तारेवर विश्वास ठेवला नव्हता. नवरा जिवंत असल्याचं सांगणार असाल तरच आत या, म्हणाली. ते पायरीवरूनच परतले.

"मला बाकी काही नको भानू," सासूबाई म्हणाल्या, "शेवटी त्यांच्या तोंडात कुणी पाणी घातलं का, तेवढं कळू दे. म्हणजे मी जायला मोकळी."

भानुमतीला चैन कुठलं पडायला! दुसऱ्या दिवशी देवाला फूल वाहून ती संजीवसोबत गौतमपुऱ्याला निघाली. फौजी हरीसिंहांचं घर विचारताच लोकांनी आलूच्या शेताकडे बोट दाखवलं. हरीसिंह जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा नातू विक्रम मातीचे हात पुसत आला. संताजींचं नाव ऐकून तो जराही चकित झाला नाही.

"इंदौर वाले संताजी? भाभीजी, परसों पंचमी है। उनका पानी तो हम ही देते हैं।"

मग त्यानं आजोबांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. एका लांबच्या बेटावर कैद्यांना ओझी वाहायला लावत. पंचांग नव्हतं, पण दोघं चंद्र बघून तिथी धरून ठेवत. संताजी आजाऱ्यांना पाठीवर घेऊन जायचे, आणि शेवटी तापानं स्वतःच पडले. त्या रात्री आभाळात पंचमीची कोर होती. हरीसिंहांनी आपल्या ओंजळीतून त्यांना पाणी पाजलं आणि सांगितलं, तिथी मी विसरणार नाही. संताजींच्या घरच्यांनी आत घेतलं नाही, तेव्हा पाणीही आपणच द्यायचं ठरवलं.

घरी येऊन भानुमतीनं सासूबाईंचा हात हातात घेऊन हे जसंच्या तसं सांगितलं. द्वारकाबाईंनी समईची वात पुढे सारली. नंतर पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, "परवा पंचमीचं करा. विक्रमला जेवायला बोलाव."

भानुमती फोनकडे वळली, तोच मागून आवाज आला.

"आणि विचार गं, हरीसिंहांची तिथी कोणती?"