ताईची अर्धी ओळ

आमच्या श्रीवर्धनात लोकर विणणारी बाई म्हणजे चेष्टेचा विषय. सुपारीच्या बागेत घामाच्या धारा आणि मांडीवर लोकरीचा गुंडा. ताई आणि मी मात्र शाळेपासून विणत आलो, दोघींत मिळून नमुन्यांचं एकच पुस्तक. त्यातला मण्यांचा स्कार्फ ताईचा फार लाडका. त्याचे मणी आधीच लोकरीत ओवून ठेवायचे आणि विणताना एकेक सुईपाशी सरकवायचा. ओळ संपली की ताई पुस्तकात पेन्सिलीने बारीक रेघ मारायची आणि पेन्सिल अंबाड्यात खोचायची. मला ते पोरकट वाटायचं.

आई सांगायची, "अर्ध्या ओळीवर उठू नको गो. उरलेली दुसरंच कुणी विणतं."

गेल्या दिवाळीनंतर ताई अर्ध्या ओळीवर उठली. छातीत दुखतंय म्हणाली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, ती परत आलीच नाही.

स्कार्फ तिच्या लेकीसाठी होता. ती थंड देशात नोकरीला निघालेली. फोनवर म्हणाली, "मावशी, तू पुरा कर. पण आईचा हात कुठवर आहे ते मला दाखवायचं." मी कबूल केलं. तिथे खुणेला लाल दोरा बांधायला हवा होता. पण मला माझ्या विणीचा केवढा तोरा! ताईची वीण सैल, माझी इतकी घट्ट की सुई शिरताना कुरकुरते. खूण कशाला, हात लावताच कळेल, म्हटलं.

दुपारची जेवणं आटोपली की मी ओटीवर बसायचे. अंगणात सुपारी वाळत असायची. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सुया फार हलक्या चालल्या. पाहिलं तर टाके सैल. सगळं उसवलं, ओढून ओढून पुन्हा विणलं. त्या दिवशी घट्ट दिसलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर परत सैल.

पुढची ओळ बघायला पुस्तक घेतलं, तर मी विणलेल्या ओळींसमोरही रेघा होत्या. मी मारल्याचं मला आठवत नव्हतं. पेन्सिल घरभर शोधली. ती माझ्याच अंबाड्यात सापडली.

मला भीती वाटली. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मग मी ताईची ती अर्धी ओळ शोधायला बसले. संध्याकाळपर्यंत सापडली नाही.

शनिवारी भाची आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरली आणि दुपारपर्यंत घरी आली. डोळे मिटून तिने स्कार्फवर एका टोकापासून बोट फिरवायला सुरुवात केली. मधे कुठेतरी ते थांबेल म्हणून मी बघत राहिले. बोट थेट शेवटच्या ओळीवर गेलं. ती ओळ मी त्याच सकाळी बंद केली होती.

"मावशी, तू काही विणलंच नाहीस?"

"अर्ध्याहून जास्त माझं आहे," मी म्हटलं. ते दाखवायला उरलेल्या लोकरीचे टाके सुईवर घातले आणि तिच्यासमोर विणू लागले. टाके सैलच पडत होते. घाबरून मी सुया खाली ठेवायला गेले.

भाची टाक्यांकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

"ओळ पुरी कर," ती हळूच म्हणाली. "आता अर्ध्यावर उठू नकोस."